नानांच्या रक्तातलं पोटॅश

आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही, त्या शाखेचा विद्यार्थीही नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा विषय भूगोल आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माणसाचं शरीर कसं चालतं यावर मी लिहायला बसावं, हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. पण वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुझ्यासारखे गोंधळलेले आमच्याकडे रोज येतात, त्यांच्यासाठी लिही." म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. आणि कोणाच्या घरी असं काही झालंच, तर माझ्या लिहिण्यावर न थांबता आधी दवाखाना गाठावा.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी नानांच्या लघवीची छोटी बाटली खिडकीतल्या उजेडाकडे धरली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. नाना म्हणजे माझे वडील. बाटलीत जे थोडंसं होतं त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा होता. मॅडमनी दुसऱ्या हातातला रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "ॲक्यूट किडनी इंज्युरी. म्हणजे मूत्रपिंडांना अचानक बसलेला मार. दोन्ही मूत्रपिंडांचं काम जवळजवळ थांबलं आहे."

मी विचारलं, कायमचं?

"ते आज कोणीच सांगू शकणार नाही. पुष्कळांची परत सुरू होतात. काहींची होत नाहीत, मग आयुष्यभर मशीनवर रक्त धुवावं लागतं. तोवर आपण त्यांना सांभाळायचं आणि वाट पाहायची."

पुढचे सगळे दिवस आम्ही या एकाच प्रश्नावर काढले. सुरू होतात की नाही.

नानांना मात्र हे निदान पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, दुखतात मांड्या आणि बाई बोलते मूत्रपिंडाचं. ते मला अहिराणीत म्हणाले, "मांड्या दगडना मायक व्हयी जायेल शेतस, आन् ह्या बाई भलतंच काय काढी ऱ्हायन्यात?" मॅडम मूळच्या साक्रीकडच्या निघाल्या. त्यांना ते बरोबर समजलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाना, मांड्यासनंच सांगी ऱ्हायनू. बठ्ठं तठेतीनच सुरू व्हयनं." सगळं तिथूनच सुरू झालं, असं त्या म्हणत होत्या. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर आपल्या बोलीत बोलते हे पाहून नाना निवळले. त्यानंतर त्यांनी मॅडमचं सगळं ऐकलं. एक गोष्ट सोडून. ती पुढे येईलच.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला, केळीच्या पट्ट्यात आहे. नाना केळी कापणाऱ्या टोळीत काम करतात. घड कापायचा, खांद्यावर चुंबळ ठेवून त्यावर घ्यायचा आणि बागेतून बांधावरच्या गाडीपर्यंत वाहून न्यायचा. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कसं असतं ते जळगावकरांना सांगायला नको. बाहेरच्या माणसाला वाटतं की केळीच्या बागेत सावली असते, तिथे बरं. पण बागेत जमीन ओली, पानं दाट आणि वारा शिरत नाही. भूगोलाच्या पेपरात आर्द्रतेवर मी पानभर लिहिलेलं आहे. ती नानांच्या अंगाला काय करते, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

मॅडमनी मला ते समजावलं. घाम आल्यामुळे अंग थंड होत नाही. तो घाम वाळल्यामुळे होतं. ओल्या, कोंडलेल्या हवेत तो वाळतच नाही, नुसता गळत राहतो. म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ तर जातं, पण उष्णता आतच राहते. त्यात गाडी लवकर भरायची म्हणून नाना पाणी कमी प्यायचे. आणि अंग दुखतं म्हणून टोळीतले सगळे जण मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणतात, तशा नानाही सकाळ-संध्याकाळ, बहुतेक वेळा उपाशीपोटी घ्यायचे. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. अंगात भरपूर पाणी असेल तर एखादी गोळी निभावून जाते. पाणी आटलेलं असताना रोज घेतली, तर मूत्रपिंडाला रक्तच पुरत नाही.

त्या दिवशी नानांना बागेतच चक्कर आली. घरी आणलं. उलट्या झाल्या, मांड्या आणि पोटऱ्या ताठ झाल्या. मायने लिंबूपाणी दिलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना लघवीला झालीच नाही. नानांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट ते मायला म्हणाले की बरंच झालं, पाय असे दुखत असताना उठायचा त्रास वाचला. मायला ते बरं वाटलं नाही. तिने मला धुळ्याला फोन केला. मी परीक्षेचा अभ्यास तसाच सोडून बसने निघालो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना जळगावला आणलं.

मांड्यांचा आणि मूत्रपिंडांचा संबंध असा. उष्णतेत बेसुमार राबलं की स्नायूंचे धागे फुटतात. त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही. फुटलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचं तांबूस द्रव्य रक्तात सांडतं. ते गाळायला मूत्रपिंडात जातं आणि तिथल्या केसाहून बारीक नळ्यांमध्ये अडकून बसतं. बाटलीतला तो चहाचा रंग याच द्रव्याचा होता.

हे नानांना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हंजे ठिबकनं फिल्टर चोक व्हयनं." ठिबक सिंचनाच्या पाण्यात शेवाळ आलं की फिल्टर चोक होतो, आणि आमच्याकडे लहान पोरंही तो उघडून धुतात. मॅडमना ही उपमा इतकी आवडली की नंतर त्या इतर पेशंटनाही तीच सांगू लागल्या. नानांनी पुढे विचारलं की नळ्या चोक झाल्या तर आपण ॲसिड सोडतो, तसं काही यात सोडता येतं का? मॅडम म्हणाल्या, "हे फिल्टर उघडता येत नाही आणि धुताही येत नाही. ते स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं. आपण फक्त त्याच्यावरचा भार कमी ठेवायचा."

भार कमी ठेवायचा म्हणजे डायलिसिस. नानांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी बसवली. तिच्यातून रक्त बाहेर मशीनमध्ये जातं, तिथे धुतलं जातं आणि परत अंगात येतं. पहिल्या दिवशी आपलं रक्त नळीतून फिरताना पाहून नाना घाबरले. दुसऱ्या वेळेला ते मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनला ठिबकच्या फिल्टरसारखा उलट्या पाण्याने बॅकवॉश कधी करता असं विचारत होते. तिसऱ्या वेळेला झोपून गेले.

शाळेत आमच्या वर्गात मानवी शरीराचे तक्ते लावलेले होते. पचनसंस्थेचा एक, रक्ताभिसरणाचा एक, श्वसनाचा एक. मला वाटायचं की या संस्था सरकारी खात्यांसारख्या असतात, ज्याचं त्याचं ऑफिस वेगळं. नानांच्या खाटेशेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं, हे आमच्या ॲटलाससारखं आहे. पावसाचा नकाशा एका पानावर, नद्यांचा दुसऱ्या, रस्त्यांचा तिसऱ्या. पण जमिनीवर जळगाव जिल्हा एकच असतो. तापीला पूर आला की रस्ताही बंद होतो, बाजारही आणि शाळाही.

तसंच झालं. मूत्रपिंडं बंद पडली आणि एकेक पान आपोआप उघडायला लागलं. पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते पायांवर उतरलं आणि मग फुफ्फुसांत साठू लागलं. नानांना आडवं झालं की दम लागायचा, बसलं की बरं वाटायचं. फुफ्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतून हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो. तिथे पाणी आलं की ही देवाणघेवाण अडते. अंगातला कचरा रक्तातच राहिला, म्हणून तोंडाची चव गेली, मळमळ सुरू झाली. अंगाला खाज सुटली. उचकी लागली की थांबायची नाही. मेंदूपर्यंतही तो कचरा जातो. एका दुपारी नानांनी मला ओळखलं, पण आपण बागेत आहोत असं समजून गाडी आली का असं विचारलं. डायलिसिस झाल्यावर संध्याकाळी पुन्हा ताळ्यावर आले. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी फार घाबरलो नाही. मायला मात्र आधी सांगायला हवं होतं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन रडली.

सगळ्यात कठीण होतं पाणी. बाहेर मे महिना आणि नानांना दिवसभरात मोजून थोडंच पाणी प्यायची परवानगी. ज्या माणसाला पाणी कमी पडून हे झालं, त्यालाच आता पाणी द्यायचं नाही, हे मायच्या डोक्यात काही केल्या शिरेना. तिला मी म्हणालो की चारीचं तोंड बंद असताना वरून पाणी सोडलं तर बांध फुटेल. ते तिला पटलं.

आता ती एक गोष्ट. तिला कारण आमची फुई. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना लहान असताना तिनेच त्यांना कडेवर वाढवलं, त्यामुळे नाना आजारी आहेत म्हणजे ती जळगावला येणारच होती. ती आली आणि वॉर्डात राहिलीच. फुईचा आवाज मोठा. सिस्टर हळू बोला म्हणाल्या की ती हळूच बोलायची, पण ते हळू शेजारच्या वॉर्डात ऐकू जायचं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी खाण्याचं पथ्य सांगितलं होतं. मीठ कमी. नारळपाणी नको. फळं आणि फळांचा रस अजिबात नको. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी ते इमानदारीने पाळलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने नानांना सफरचंदाची फोड दिली, तर फुईने ती हात जोडून परत केली.

दोन डायलिसिस झाल्यावर नाना जरा बरे दिसत होते. आणि एका सकाळी त्यांचे हातपाय एकदम ढिले पडले. उठून बसता येईना. सिस्टरनी नाडी धरली आणि धरून ठेवली. मग त्या पळतच गेल्या. ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयातून जाणाऱ्या विजेचा आलेख. त्यात जिथे छोटी टेकडी हवी, तिथे उंच टोकदार सुळके आले होते. मॅडम आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि भराभर इंजेक्शनं सांगितली. एक हृदयाला आवर घालणारं, मग साखर आणि इन्सुलिन एकत्र. नानांना तसंच मशीनकडे हलवलं. तेव्हा मी खरा घाबरलो. तोवर मी मूत्रपिंडं सुरू होतील की नाही याची काळजी करत होतो. हृदय थांबू शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नंतर, धोका टळल्यावर, मॅडमनी आम्हाला खाटेशी उभं केलं. त्या चिडलेल्या होत्या. रक्तातलं पोटॅशियम एकदम इतकं वाढलं कसं, असं त्या विचारत होत्या. काय खायला दिलं? मायने सांगितलं, भाकरी आणि मुगाची डाळ. फळ? मायने देवाची शपथ घेतली. फुईने भावाची घेतली. मग मॅडमनी नानांनाच विचारलं.

नाना अशक्त आवाजात म्हणाले, "फळ तं एक बी खादं नही, मॅडम. सकाय-संध्याकाय फक्त दोन दोन केळं."

मॅडमनी विचारलं, "केळं?"

"केळं काय फळ शे?" नानांनी मनापासून विचारलं.

बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या पट्ट्यात कोणीही असंच उत्तर दिलं असतं. आमच्याकडे फळ म्हणजे सफरचंद, डाळिंब, संत्रं. जे बाजारातून विकत आणावं लागतं ते. केळी हा माल. माल निघाला का, मालाला भाव काय, मालाची गाडी भरली का, असंच आम्ही बोलतो. भाकरीला कोणी फळ म्हणत नाही, तसंच. त्यातून पेशंटला भेटायला जाताना आपल्या नाहीतर मालकाच्या बागेतली एखादी फणी न्यायची, हा आमचा रिवाज. केळं थंड, पोटाला हलकं. भेटायला आलेल्या प्रत्येकाने फणी आणली होती, खाटेखाली पिशव्या भरल्या होत्या, आणि नानांचं तोंड कडू झालंय म्हणून फुई त्यांना प्रेमाने सोलून भरवत होती. मीही ते रोज पाहत होतो. मलाही काही वाटलं नाही. मी सुद्धा त्याच गावचा.

मॅडमचा राग गेला. त्या खाली खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी नानांना विचारलं, केळीला शेवटी शेवटी कोणतं खत देता?

"पोटॅश," नाना म्हणाले. "घड भराले."

"मग ते पोटॅश कुठे जातं?"

"घडमा."

"आणि घड कोणी खाल्ला?"

नानांनी खाटेखालच्या पिशव्यांकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. पोटॅशियम म्हणजे तेच ते पोटॅश, ज्याच्या गोण्या त्यांनी जन्मभर पाठीवरून उतरवल्या होत्या.

मॅडमनी मग आम्हाला सगळं नीट सांगितलं. पोटॅशियम वाईट नाही. उलट ते नसेल तर हात हलणार नाही आणि हृदय चालणार नाही. ते बहुतेक पेशींच्या आत राहतं, रक्तात अगदी थोडं. आत जास्त आणि बाहेर कमी, या फरकावरच मज्जातंतूतून निरोप जातो, स्नायू आवळतो आणि हृदयाचा ठोका पडतो. आपण खातो त्यातलं जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं रोज गुपचूप बाहेर टाकतात, म्हणून निरोगी माणसाने डझनभर केळी खाल्ली तरी काही बिघडत नाही. नानांच्या फुटलेल्या स्नायूंतून ते आधीच रक्तात सांडलं होतं, बाहेर जायची वाट बंद होती, आणि वरून आम्ही सकाळ-संध्याकाळ भर घालत होतो. आत-बाहेरचा फरक पुसला गेला की स्नायू ढिले पडतात. आणि हृदय हाही स्नायूच आहे.

फुई भिंतीला टेकून ऐकत होती. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वॉर्डाच्या दाराशी स्टूल मांडलं आणि आमच्या खाटेचा पहारा सुरू केला.

इथून पुढचे दिवस, खरं सांगायचं तर, मजेचे होते. भेटायला येणाऱ्याची पिशवी फुई उघडून बघायची. आणलेली वस्तू परत करणं आमच्याकडे अपमान समजतात, म्हणून ती फणी घ्यायची, पाहुण्याच्या मुलाबाळांची चौकशी करायची आणि फणी सरळ बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवून द्यायची. तिथे फुईचं नाव झालं. एकदा ज्यांच्या बागेत नाना काम करतात ते मालक आले, परदेशात जाणाऱ्या मालाचं अख्खं खोकं घेऊन. फुई उठलीच नाही. म्हणाली, "शेठ, माल झकास शे. पन मन्हा भाऊना आंगमा आते जागा नही. खोकं राहू द्या, तुम्ही आतमा जा." मालक रिकाम्या हाताने आत गेले.

टोळीतले लोक आले ते थट्टा करायला लागले. नानांना पोटॅश जास्त झालंय म्हणे, या खेपेला घड वजनदार निघणार. नाना मानेतली नळी सांभाळत हसले. त्या लोकांना मी दुखण्याच्या गोळ्यांचं आणि पाण्याचं सांगितलं. माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना काय सांगणार, म्हणून अडखळत होतो. नानांनीच मला थांबवलं आणि खाटेवरून स्वतः सांगितलं. त्यातल्या दोघांनी खिशातल्या गोळ्या काढून तिथेच टेबलावर ठेवल्या.

एवढं होऊनही लघवीचं भांडं रिकामंच राहत होतं. रोज सकाळी सिस्टर ते उचलून बघायच्या आणि तोंडावर काही दाखवायच्या नाहीत. तळाशी जेमतेम ओल. माझे पेपर सुरू झाले होते. मी धुळ्याला जाऊन पेपर द्यायचो आणि पुढच्या पेपरात अंतर असेल तर परत यायचो. बसमध्ये पुस्तक उघडायचो आणि नद्यांच्या गाळाचं वाचता वाचता नानांच्या नळ्यांतला गाळ डोळ्यांपुढे यायचा.

मग एका सकाळी मी पेपर देऊन वॉर्डात शिरतोय तर जिन्यातच फुईचा आवाज आला. ती सगळ्या वॉर्डाला सांगत होती, "मन्हा भाऊ मुतना! भांडं अर्धं भरनं!" पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले आणि त्यांनी नानांना नमस्कार केला. कोणीतरी पेढे मागितले. माझे वडील फार लाजरे आहेत. त्यांनी तोंडावर टॉवेल ओढून घेतला होता, आणि टॉवेल हसण्याने हलत होता.

पण मॅडमनी आम्हाला फार उडू दिलं नाही. त्या म्हणाल्या, पाणी बाहेर येणं वेगळं आणि गाळून बाहेर येणं वेगळं. चोक निघाल्यावर फिल्टरमधून आधी नुसतंच पाणी धो धो जातं, तसं आता होईल. आणि तसंच झालं. पुढचे काही दिवस नाना इतकी लघवी करायला लागले की आता उलट त्यांना पाणी पाजावं लागत होतं, नाहीतर अंग पुन्हा कोरडं पडलं असतं. फुई तांब्या घेऊन मागे असायची. खरी परीक्षा होती क्रिएटिनिनची. स्नायू रोज काम करतात त्यातून क्रिएटिनिन नावाचा कचरा तयार होतो, आणि तो फक्त मूत्रपिंडं काढतात. म्हणून रक्तात तो किती साठला त्यावरून मूत्रपिंडं किती काम करतात ते कळतं. मशीनवर घेतलं की तो उतरणारच. मशीन न लावता तो आपोआप उतरला पाहिजे.

मॅडमनी ठरवलं की काही दिवस डायलिसिस थांबवून बघायचं. पहिल्या तपासणीत आकडा थोडा चढला. दुसऱ्या तपासणीत तिथेच अडकला. मॅडम म्हणाल्या, "अडकणं वाईट नाही, पण पुढच्या तपासणीत चढला तर मात्र कायमच्या डायलिसिसचा विचार करावा लागेल. त्यासाठी हातातली शीर तयार करायचं छोटं ऑपरेशन असतं." कायमचं म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा गावाहून जळगावला, जन्मभर. नानांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं की तुझा शेवटचा पेपर कधी आहे. तो त्या तपासणीच्याच दिवशी होता. मी जाणार नाही म्हणालो. ते म्हणाले, "तू तठे लिही, मी आठे मुतस. ज्यानं त्यानं काम." मी हसत निघालो आणि बसस्टँडपर्यंत हसतच होतो, नंतर मात्र हसू टिकलं नाही.

त्या बसमध्ये मला पहिल्यांदा जाणवलं की माझं शरीर किती काय काय करत असतं आणि मला ते विचारतही नाही. मी खिडकीत बसलो होतो आणि माझं हृदय, माझी फुफ्फुसं, माझी मूत्रपिंडं आपापलं काम करत होती. गरम वाऱ्याने घाम वाळत होता. शेजारच्या बाईंनी केळं सोलून दिलं, ते मी खाल्लं आणि त्यातलं जास्तीचं पोटॅश माझ्या अंगाने मला न कळवता बाहेर टाकलं असणार. आपण निरोगी आहोत हे मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. ज्यांनी नानांना सांभाळलं त्या मॅडमचे, सिस्टरांचे आणि मशीनवरच्या दादांचे आभार मी मानतोच. पण त्या दिवशी मला हेही वाटलं की ज्यांचं काही दुखत नाही, त्यांनी अधूनमधून आपल्या अंगाचेही आभार मानावेत.

पेपर कसा गेला ते मला सांगता येणार नाही. बाहेर आल्या आल्या मी फोन लावला. मायने उचलला नाही. पुन्हा लावला. धुळ्याच्या स्टँडवर आलो, जळगावची बस लागलेली होती, तरी मी चढलो नाही. उगाच वाटलं की बस सुरू झाली आणि आवाजात नीट ऐकू आलं नाही तर? मी रसवंतीच्या बाजूला सावलीत उभा राहिलो. शेवटी फोन आला. मायचा नंबर, पण आवाज फुईचा.

फुईने आधी मी जेवलो का ते विचारलं. मग पेपर सोपा होता का. मग सांगितलं की पलीकडच्या आजोबांना सुट्टी मिळाली आणि त्यांच्या सुनेने तिला साडी नेसवायला घरी बोलावलं आहे. मी म्हणालो, फुई, नानांचं सांग ना. ती म्हणाली, तेच सांगते आहे, मधे बोलू नको. मग तिने दम घेतला. तिचा नेहमीचा आवाज एकदम बारीक झाला, इतका की मला फोन कानाशी घट्ट दाबावा लागला.

"पोऱ्या, आकडा खाले उना. मशीनबिगर. डॉक्टरीन बाईनी मानमातली नळी काढी टाकी आन् सांगं, नानाले आते मशीन नही."